‘कॉन्कॉर्डस्की’ ही निव्वळ नक्कल होती का?

सोव्हिएत संघाचे ‘तुपोलेव-१४४’ हे स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे, प्रवासी विमान म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या कॉन्कॉर्डची चोरलेल्या आराखड्यांवरून केलेली प्रतिकृती, हा समज पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी दिलेल्या ‘कॉन्कॉर्डस्की’ या टोपणनावासह आजही टिकून आहे. हेरगिरी झाली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. सोव्हिएत विमानसेवा एरोफ्लोटच्या पॅरिस कार्यालयाचे प्रमुख सर्गेई पावलोव यांना १९६५ मध्ये कागदपत्रांसह पकडण्यात आले होते. परंतु नक्कल म्हणण्यापूर्वी दोन्ही विमाने जवळून पाहावीत. तुपोलेवच्या पहिल्या नमुन्यात चारही इंजिने पोटाखाली एकत्र बसवली होती, तर कॉन्कॉर्डची जोडीजोडीने पंखांखाली होती. पुढच्या तुपोलेवला कॉकपिटमागे कमी वेगात उघडणारे दोन छोटे पंख आले, जे कॉन्कॉर्डला कधीच नव्हते. त्रिकोणी पंख आणि खाली झुकणारे नाक हे साम्य बव्हंशी वायुगतिकीच्या एकाच गणिताचे उत्तर आहे.

खरी चढाओढ तारखांची होती. कॉन्कॉर्ड बांधण्याचा लंडन-पॅरिसचा करार नोव्हेंबर १९६२ मध्ये झाला, जून १९६३ मध्ये केनेडींनी अमेरिकी विमानाची घोषणा केली आणि पुढच्याच महिन्यात मॉस्कोने निर्णय घेतला. ३१ डिसेंबर १९६८ रोजी, म्हणजे वर्ष सरता सरता, तुपोलेव कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी उडाले. ही घाई नडली. ध्वनीच्या दुप्पट वेग राखण्यासाठी हाताशी असलेल्या एनके-१४४ इंजिनांचे आफ्टरबर्नर (इंजिनाबाहेर पडणाऱ्या वायूत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा) पेटते ठेवावे लागत, इंधन भसाभस जळे, आणि मॉस्को-अल्माआटा प्रवासी सेवा ५५ उड्डाणांनंतर १९७८ मध्ये थांबली. हुबेहूब नक्कल असती, तर निदान इंजिने तरी कॉन्कॉर्डसारखी, आफ्टरबर्नर बंद ठेवून तो वेग राखणारी असती.