एक हात बापाच्या हातात

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या अभ्यासासाठी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) विषय निघाला: रोजच्या धबडग्यात चित्त देवावर कसं ठेवायचं? दोन मिनिटांत सगळा दोष मोबाइलवर गेला. मोबाइलमुळे भर पडते हे खरंच आहे, आमच्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही तो वाजतो. पण मूळ दुखणं मोबाइलचं नाही. ते किमान सोळाशे वर्षं जुनं आहे, आणि त्यावरच्या उपायाचा एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो ख्रिस्ती माणसं घरदार सोडून राहायला गेली. ‘निरंतर प्रार्थना करा’ असं प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं होतं आणि या माणसांना ते शब्दशः पाळायचं होतं. तिथे बाजार नव्हता, लग्नकार्यं नव्हती, शेजारपाजार जेमतेम. तरीही मन ठरेना. त्यांच्यातला एव्हाग्रियस (मृत्यू 399) याने त्या अवस्थेचं जे वर्णन केलंय ते वाचून मी थक्क झालो. भर दुपारी संन्याशाला सूर्य जागचा हलतच नाही असं वाटतं. तो सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून बाहेर डोकावतो. उन्हाळ्यातल्या दुपारी तीन वाजता कचेरीत बसलेल्या कुणाही नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या वैराग्यांच्या सहवासात काही वर्षं काढून जॉन कॅसियन पुढे आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेला गेला. त्यांची शिकवण त्याने संवादरूपात लिहून ठेवली. त्यात मोशे नावाचे एक वडीलधारे संन्यासी म्हणतात, मन म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं. पाणी वाहतंय तोवर ते थांबायचं नाही. त्यात गहू घालायचा की तणाचं बी, एवढंच मालकाच्या हातात असतं. दुसरे वडीलधारे संन्यासी इसहाक यांनी गहू कोणता तेही सांगितलं: सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवाने आपल्या साहाय्याला त्वरेने यावं अशी हाक. काम करताना, वाट चालताना, झोपताना तीच एक ओळ तोंडी ठेवायची.

पुढची काही शतकं हा सराव मुख्यतः मठांतच वाढला. संसारी माणसासाठी त्याची सविस्तर मांडणी व्हायला वेळ लागला. 1535 साली प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आपल्या न्हाव्याला प्रार्थनेविषयी एक पत्रच लिहिलं. हातात वस्तरा असताना न्हावी जसं लक्ष ठेवतो, तसं प्रार्थनेत ठेव, असा त्याचा दाखला होता. न्हाव्याला न्हाव्याच्याच धंद्यातला दाखला द्यावा, हे मला फार आवडतं.

पण नागपूरकरांनी खरं तर फ्रान्सिस डी सेल्स (1567–1622) यांच्यापाशी थांबायला हवं. त्यांच्या नावाचं कॅथेड्रल आपल्याकडे आहे, शाळा आहे, कॉलेज आहे. एसएफएस ही अक्षरं गावात सगळ्यांना ठाऊक, त्या माणसाने काय शिकवलं ते मात्र फार थोड्यांना. मी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, त्यामुळे मलाही हे कॅथलिक संत बरीच वर्षं परकेच होते. ते जिनिव्हाचे बिशप होते, पण राहायचे आजच्या फ्रान्समधल्या आनेसीत. 1609 साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं भक्तीवरचं पुस्तक संसारात असलेल्या माणसांसाठीच होतं. कारागिराची भक्ती वेगळी, विधवेची वेगळी, लग्न झालेल्या बाईची वेगळी. जी भक्ती आपल्या कामाच्या आड येते तिच्यात काहीतरी चुकलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मन भरकटलं तर स्वतःवर चिडू नका, त्याला हलक्या हाताने परत आणा. आणि एक चित्र: लहान मूल एका हाताने बापाचा हात धरतं आणि दुसऱ्या हाताने कुंपणावरची रानफळं तोडतं. तोडायला हरकत नाही. मधून मधून बापाकडे बघायचं आणि त्याचा हात सोडायचा नाही.

याच आनेसीत 1838 साली त्यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ निघाला. त्याचे फादर 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले. नागपूर तेव्हा त्याच मिशनच्या हद्दीत होतं. स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला 1887 मध्ये.

प्रॉटेस्टंट बाजूला मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्येच नागपुरात आले होते. मात्र कामात असताना ओठांवर ठेवायचे मराठी शब्द आम्हाला मिळाले ते मुख्यतः नारायण वामन टिळकांकडून. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. दोन वर्षांनी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी भजनं लिहिली ती अभंग-ओवीच्या वळणाची. आपल्या बायका जात्यावर बसून शतकानुशतकं ज्या चालीवर गात आल्या, ती चाल त्यांनी प्रभूच्या नावाला दिली. माझी आजी ती भजनं पुस्तक न उघडता म्हणायची. सकाळी तांदूळ निवडताना एक कडवं व्हायचं, मध्येच दूधवाल्याशी हिशेब व्हायचा, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढचं कडवं सुरू व्हायचं.