तोडण्याआधी एक बंध जोडावा लागतो

एखाद्या प्रथिनात कोणती अमिनो आम्लं किती आहेत हे प्रयोगशाळेत मोजायचं असेल, तर ते प्रथिन 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात घालून, नळीतली हवा काढून, तोंड बंद करून 110 अंश सेल्सियसला सुमारे 24 तास ठेवतात. एवढ्या छळानंतर अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे पेप्टाइड बंध तुटतात. साध्या पाण्यात असा बंध आपोआप तुटायची वाट पाहत बसलात, तर शेकडो वर्षं जातील. आपल्या पेशी मात्र 37 अंशांना, जवळपास उदासीन द्रावणात, नको असलेलं प्रथिन काही मिनिटांत मोडीत काढतात.

हा बंध जुळतो तेव्हा एका अमिनो आम्लाच्या कार्बोक्सिल गटातला कार्बन दुसऱ्याच्या अमिनो गटातल्या नायट्रोजनला जोडला जातो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. कागदावर सोपं वाटतं. पण पेशीत चोहीकडे पाणीच असल्यामुळे समतोलाचं पारडं तुटण्याकडेच झुकलेलं असतं. म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला आधी ‘तापवून’ घ्यावं लागतं. हे काम करणारं एन्झाइम एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्चून अमिनो आम्लाला त्याचाच तुकडा असलेलं एएमपी चिकटवतं आणि मग अमिनो आम्लाला त्याच्या टी-आरएनएवर, म्हणजे ते वाहून नेणाऱ्या आरएनए रेणूवर, बसवतं. इथे चूक झाली तर ती पुढे कुणी पकडत नाही. व्हॅलिन आणि आयसोल्युसिन यांच्यात फरक असतो एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. आयसोल्युसिनच्या एन्झाइममध्ये व्हॅलिन सहज शिरतं. त्यावर उपाय म्हणून त्याच एन्झाइमला आणखी एक खाच असते. आयसोल्युसिन तिच्यात मावत नाही. व्हॅलिन मावतं आणि तिथेच कापून बाहेर काढलं जातं.

रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, दोन टी-आरएनए शेजारी येतात. एकावर आतापर्यंत तयार झालेली साखळी असते, दुसऱ्यावर नवं अमिनो आम्ल. नव्याचा नायट्रोजन साखळीच्या टोकावरच्या कार्बनवर चाल करतो आणि सगळी साखळी नव्या टी-आरएनएवर उडी घेते. 2000 साली रायबोसोमची अणुपातळीवरची रचना हाती आली, तेव्हा दिसलं की या जागेला आरएनएनेच वेढलेलं आहे. म्हणजे प्रथिनं जोडणारं एन्झाइम स्वतः आरएनए आहे! जीवाणूंत सेकंदाला 15 ते 20 बंध जुळतात, आपल्या पेशींत साधारण पाच-सहा. हिशेब केला तर एका बंधामागे चार फॉस्फेट बंध खर्ची पडतात: दोन एटीपीतून, दोन त्याच्यासारख्याच जीटीपीतून.

इतक्या महागाचा बंध तुटताना ऊर्जा सुटते. आतड्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला एटीपी लागतच नाही. तरीही 1953 मध्ये उंदराच्या यकृताच्या चकत्यांवर काम करताना आढळलं की ऊर्जेचा पुरवठा रोखला की पेशीतल्या प्रथिनांचं विघटनही मंदावतं. ती ऊर्जा जाते कुठे? कोणाला तोडायचं हे निवडण्यात आणि निवडलेल्याला आत ओढण्यात. हे कोडं सोडवणाऱ्या आरोन सिकानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही: प्रथिन तोडायचं ठरलं की पेशी आधी एक नवा बंध जोडते. युबिक्विटिन हे 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ई-1 एन्झाइम एटीपी खर्चून त्याला सक्रिय करतं, ई-2 ते हाती घेतं आणि ई-3 नेमकं लक्ष्य ओळखतं. युबिक्विटिनचं शेवटचं अमिनो आम्ल, ग्लायसिन, लक्ष्यातल्या लायसिन या अमिनो आम्लाला जोडलं जातं. मग त्या युबिक्विटिनच्या 48 व्या लायसिनवर दुसरं, त्यावर तिसरं. अशी चारेकांची माळ झाली की ती प्रोटिअसोमला, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या पेशीतल्या यंत्राला, ठळक खूण ठरते.

प्रोटिअसोमचा गाभा म्हणजे चार कड्यांचं, 28 उपघटकांचं पोकळ नळकांडं. कापणारी पाती आतल्या बाजूला असतात आणि दार इतकं अरुंद, की घडी घातलेलं प्रथिन आत जाऊच शकत नाही. म्हणूनच चांगली प्रथिनं चुकून कापली जात नाहीत. दाराशी असलेली सहा एटीपी-खाऊ प्रथिनं लक्ष्याची घडी उलगडून त्याला आत ओढतात. युबिक्विटिन दारातच सोडवून पुन्हा वापरलं जातं.

खरं नियंत्रण ई-3 च्या हाती. माणसात ती 600 हून अधिक आहेत. ऑक्सिजन कमी पडल्यावर जनुकं जागी करणारं एचआयएफ हे प्रथिन घ्या. पेशी ते सतत बनवते आणि सतत तोडते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्यातल्या प्रोलिन या अमिनो आम्लांपैकी दोनांवर ऑक्सिजनचा अणू बसवला जातो, आणि तोच व्हीएचएल या ई-3 घटकाला दिसतो. ऑक्सिजन घटला की खूण बसत नाही; एचआयएफ साठतं आणि नव्या रक्तवाहिन्यांची, लाल पेशींची जनुकं जागी होतात. व्हीएचएल बिघडलं तर ऑक्सिजन भरपूर असूनही हीच हाकाटी चालू राहते आणि मूत्रपिंडात गाठी होऊ शकतात.

उलट, तपासणी फार कडक असली तरी नुकसान होतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर या 1,480 अमिनो आम्लांच्या प्रथिनातलं 508 वं फिनाइलअॅलनिन बहुतेकदा गायब असतं. पेशीच्या पटलावर पोहोचलं असतं तर या प्रथिनाने थोडंफार काम केलं असतं. पण घडी नीट बसत नाही म्हणून ते वाटेतच प्रोटिअसोमकडे धाडलं जातं.

प्रोटिअसोमच बंद पाडणारं औषधही आहे. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी प्रतिपिंडं इतक्या वेगाने बनवतात की बिघडलेल्या प्रथिनांचा निचरा थांबला तर त्या गुदमरतात. 2003 पासून अमेरिकेत वापरात असलेल्या बोर्टेझोमिब या औषधातला बोरॉन प्रोटिअसोमच्या पात्यावरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाला पकडून ठेवतो. मज्जातंतूंनाही त्याची झळ लागते, हातापायांना मुंग्या येतात. ही झळ कमी व्हावी म्हणून ते शिरेऐवजी त्वचेखाली आणि अनेकदा आठवड्यातून एकदाच देतात.