लोणारचे विवर आणि दगडाची साक्ष

सोलापूरच्या आसपासच्या खाणींतून जो काळा पाषाण निघतो, त्याच दख्खनच्या लाव्हाखडकात लोणारचे विवर आहे. म्हणून आशिया खंडातील उल्काविवरांचा इतिहास आम्हा सोलापूरकरांना दूरचा वाटत नाही. या इतिहासात सर्वांत मोठा पेच होता तो उल्केचे विवर ओळखायचे कसे, हा. गोल खड्डा ज्वालामुखीचाही असू शकतो.

लोणारची नोंद इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराच्या चारी बाजूंना लाव्हाचाच खडक असल्यामुळे त्याचा संबंध दीर्घकाळ ज्वालामुखीशी जोडला गेला, आणि हाती असलेला पुरावा पाहता त्या अभ्यासकांना दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. अरबस्तानातही असेच घडले. उबार या लुप्त नगरीच्या शोधात निघालेले इंग्रज प्रवासी फिल्बी १९३२ मध्ये वाबारला पोहोचले, तेव्हा तेथील विवरे त्यांना प्रथम ज्वालामुखीची मुखे वाटली. खुलासा झाला तो तिथे मिळालेल्या उल्केच्या लोखंडामुळे.

लोणारला असे लोखंड हाती लागले नाही. तिथला निवाडा एका काचेने केला, आणि त्या काचेची ओळख आशियातच पडलेल्या दगडातून झाली होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांना हा पदार्थ आढळला आणि १८७२ मध्ये त्याला मॅस्केलिनाइट हे नाव मिळाले. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडली की ही काच तयार होते. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माण होत नाही. लोणारच्या खडकात ती सापडल्याचे संशोधक फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा वाद मिटला. विवराच्या वयाचा प्रश्न मात्र पुढेही चालला: आधी सुमारे ५२ हजार वर्षे असा अंदाज निघाला, नंतर खडकातील आर्गॉन वायू मोजण्याच्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरले.

दगडाची अशी साक्ष आशियात इतरत्रही आहे. सैबेरियातील पोपिगाई विवर सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे, आणि त्या आघाताने तिथल्या खडकातील ग्राफाइटचे हिरे झाले. याउलट मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील ढाला येथे आज वाडग्यासारखा खड्डाही दिसत नाही. दीडशे कोटींहून अधिक वर्षांच्या झिजेत काठ नाहीसा झाला, मधला भाग गाळाच्या खडकांनी भरला. तरीही गारगोटीच्या कणांमधील आघाताच्या समांतर सूक्ष्म रेषा टिकल्या, आणि त्यांवरून ते उल्काविवर ओळखले गेले.