दंडाचा घेर, पोटरीचा घेर

रुग्णालयात भरती करताना वजन घेतात, फॉर्मवर आकडा लिहितात आणि पोषणाचा विषय बऱ्याचदा तिथेच मिटतो. पण नुसत्या वजनावरून माणसाचं पोषण नीट होतंय की नाही, हे कळत नाही. आणि हे दाखवून देणारं संशोधन आपल्या पुण्यातलंच आहे.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीयांमध्ये बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, जगभरातल्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा आधीच, ते याचसाठी. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. शिवाय सुमारे दोन तृतीयांश आयांना बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. शाकाहारी घरात सगळी मदार दूधदुभत्यावर, आणि तिथे सुनेच्या वाट्याला चहापुरतं दूध येत असेल तर बी-१२ कुठून येणार?

गरोदरपणात ‘दोन जिवांचं खा’ असा आग्रह होतो. प्रत्यक्षात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार वाढीव गरज दिवसाला साधारण ३५० कॅलरींची. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना, पहिले सहा महिने ती ६०० वर जाते. म्हणजे खरी भूक नंतरची, आणि नेमकी तेव्हाच काही घरांत पथ्यं सुरू होतात. डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर असतेच, पण दोन वेळचं भरपेट जेवण त्याने भरून निघत नाही.

लहान मुलांसाठी अंगणवाडीतली रंगीत पट्टी मला फार हुशार साधन वाटते. सहा महिने ते पाच वर्षं या काळात दंडाचा घेर वयानुसार फारसा बदलत नाही, त्यामुळे जन्मतारीख नक्की ठाऊक नसली तरी एकच मर्यादा चालते. खांद्याचं टोक ते कोपराचं टोक, याच्या बरोबर मध्ये, डावा हात सैल सोडून पट्टी गुंडाळायची. ती कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल: तीव्र कुपोषण. १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. जोडीला दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहायचा. दोन्हीकडे खळगा राहिला तर अंगात पाणी साचलंय; अशा मुलाचं वजन ठीक दिसलं तरी कुपोषण तीव्रच समजतात.

म्हातारपणी वजनकाटा वेगळ्या तऱ्हेने चकवतो. पाठीला पोक आला की उंची घटते आणि वजन तेवढंच असून बीएमआय वाढलेला दिसतो. म्हणून नर्स पोटरी मोजते. सर्वांत जाड भागाचा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वयस्करांना १ ते १.२ ग्रॅम द्यावीत, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. गरज वाढते, भूक घटते.

ही तूट शोधायला टेपपेक्षा प्रश्न जास्त कामाला येतात. “आजी, जेवण होतं ना व्यवस्थित?” याला उत्तर ठरलेलं: “होतं की!” अनुभवी सिस्टर असं विचारतच नाही. “काल उठल्यावर पहिलं काय घेतलंत?” चहा आणि दोन बिस्किटं. “दुपारी?” आमटी-भात. “पोळी?” कवळी टोचते, म्हणून सोडली. “आमटीतली डाळ घेतलीत की वरचं पाणी?” पाणीच. “रात्री?” भूक नव्हती, कपभर दूध घेतलं. चोवीस तासांचा हा हिशेब पाच मिनिटांत होतो आणि प्रथिनं कुठे गळली ते लगेच दिसतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं की नातेवाईक खाण्याला दोष देतात, पण जंतुसंसर्गात किंवा शस्त्रक्रियेनंतर ते एरवीही उतरतं. त्यापेक्षा ताटात किती उरलं, हे चार्टवर लिहिलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं. ६० किलोच्या माणसाचं वजन महिन्याभरात आपोआप तीन किलोंनी उतरलं, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

आणि घरच्या डब्याबद्दल एक. आठ-दहा दिवस पोटात जवळपास काहीच न गेलेल्या माणसाला एकदम पोटभर भात-गोड खायला घालू नये. अचानक साखर मिळाली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून अशा रुग्णाचा आहार थोडा-थोडा, रक्त तपासत वाढवतात. प्रेमाने आणलेला शिरा डब्यातच राहू द्या आणि आधी सिस्टरना विचारा.