टलूला गॉश

टलूला गॉश : इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहरातला पाच जणांचा इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेबलांवर (ध्वनिमुद्रण कंपन्यांवर) गाणी काढणारा, बँड. तो १९८६ मध्ये सुरू झाला आणि १९८८ मध्ये बंद पडला. या काळात स्टुडिओत बसून सलग असा एकही अल्बम त्यांनी केला नाही. पाच सिंगल (एक-दोन गाण्यांच्या तबकड्या), एक फ्लेक्सी (पातळ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकची स्वस्त तबकडी) आणि बीबीसी रेडिओसाठी केलेली काही ध्वनिमुद्रणे, एवढाच त्यांचा संसार. तरीही ‘ट्वी पॉप’ या गोड, बालिश वळणाच्या गिटार-संगीताचा विषय निघाला की पहिल्या दोन-तीन नावांत हे नाव येतेच.

अमेलिया फ्लेचर आणि एलिझाबेथ प्राइस या दोन तरुणींची ओळख एका बिल्ल्यामुळे झाली. ऑक्सफर्डमधल्या एका क्लबात दोघींच्याही अंगावर ‘द पेस्टल्स’ या ग्लासगोच्या बँडचा बिल्ला होता. त्या बँडला तेव्हा फार थोडे लोक ओळखत असल्याने तेवढी खूण पुरेशी ठरली. दोघी गायला लागल्या. अमेलियाचा भाऊ मॅथ्यू ड्रम्सवर बसला, पीटर मोमचिलॉफ गिटारवर आणि रॉब पर्सी बेसवर आला. रॉब लवकरच बाहेर पडला आणि त्याची जागा ख्रिस स्कॉटने घेतली. बँडचे नाव ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात छापून आलेल्या गायिका क्लेअर ग्रोगनच्या मुलाखतीच्या मथळ्यातून उचललेले होते. अमेलियाने स्वतःला ‘मॅरिगोल्ड’, म्हणजे झेंडू, आणि एलिझाबेथने ‘पेबल्स’, म्हणजे गोटे, अशी टोपणनावे घेतली होती.

हा काळ समजून घेतल्याशिवाय बँड समजत नाही. १९८६ मध्ये ‘एनएमई’ने ‘सी८६’ नावाची बावीस गाण्यांची कॅसेट काढली आणि छोट्या, स्वतंत्र लेबलांवरच्या गिटार बँडना एकदम एक सामायिक ओळख मिळाली. टलूला गॉश त्या कॅसेटवर नव्हते, पण त्याच वातावरणात वाढले. त्या जगाचा पाया घरच्या घरी टंकलेखन आणि झेरॉक्स करून काढलेली फॅन्झीन, म्हणजे चाहत्यांची छोटी नियतकालिके, हा होता. या अंकांसोबत फ्लेक्सी मिळायची. टलूला गॉशचे पहिले गाणे असेच, ‘शा-ला-ला’ या लेबलाच्या फ्लेक्सीवर, ‘रेझरकट्स’ बँडच्या जोडीने आले. ‘शा-ला-ला’ चालवणाऱ्यांपैकी मॅट हेन्सने पुढे क्लेअर वॉडसोबत ब्रिस्टलमध्ये ‘सारा रेकॉर्ड्स’ हे लेबल उभे केले.

नोव्हेंबर १९८६ मध्ये बँडचे ‘बीटनिक बॉय’ आणि ‘स्टीमिंग ट्रेन’ हे दोन सिंगल एकाच वेळी बाजारात आले. लेबल होते एडिंबराचे ‘फिफ्टी-थर्ड अँड थर्ड’. हे लेबल चालवणाऱ्यांत पेस्टल्सचा स्टीफन पेस्टल स्वतः होता, म्हणजे बिल्ल्यापासून सुरू झालेली वाट त्या बिल्ल्याच्या धन्यापाशी पोचली. लेबलाचे नाव न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ या पंक बँडच्या एका गाण्यावरून घेतलेले. पुढे ‘निर्वाना’ या प्रसिद्ध अमेरिकन रॉक बँडने ज्यांची गाणी गायली, त्या ‘द व्हॅसलिन्स’चे सिंगलही याच लेबलाने काढले. पहिले दोन सिंगल आले त्याच सुमारास एलिझाबेथ प्राइस बँडमधून बाहेर पडली आणि तिच्या जागी एथ्नी फॅरी आली. त्यानंतर १९८७ मध्ये ‘टलूला गॉश’ आणि ‘ब्रिंगिंग अप बेबी’, आणि १९८८ मध्ये ‘टेस्टकार्ड गर्ल’ असे आणखी तीन सिंगल निघाले.

गाणी ऐकली की पहिल्यांदा जाणवतो तो वेग. दोन-अडीच मिनिटांत सगळे उरकते. गिटार खरखरते, ड्रम्स पुढे पळतात, आणि त्यावर दोन मुलींचे स्वच्छ, न सजवलेले आवाज एकमेकांत गुंफून येतात. रमोन्सची घाई आणि ‘शांग्री-लाज’सारख्या साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गटांचा सुरेलपणा असे ते मिश्रण आहे. संगीत साप्ताहिकांतल्या अनेकांना ते सोसले नाही. केसांतल्या क्लिपा, ठिपक्याठिपक्यांचे फ्रॉक, बालिश शब्द यांची टर उडवली गेली. ‘ट्वी’ हा शब्दच मुळात शिवीसारखा वापरला जात होता. मराठीत ‘लाडिक’ म्हटल्यावर जी नाकं मुरडण्याची छटा येते, तीच त्यात आहे. ही टीका मला चुकीची वाटते. रॉक म्हणजे कातडी जाकीट, घाम आणि मर्दानी गुर्मी असे ठरून गेलेल्या काळात पोरीबाळींचे समजले जाणारे सगळे मुद्दाम अंगावर घेऊन, पंकच्या वेगाने, रंगमंचाच्या मध्यभागी उभे राहणे यात धीटपणा होता. सफाई नसणे हीसुद्धा त्यांची निवड होती. मराठीत ‘हौशी’ या शब्दाला नाटकामुळे जो मान आहे, तो मनात ठेवून हा बँड ऐकावा.

१९८८ च्या सुरुवातीला बँड थांबला. सदस्यांची शिक्षणे चालू होती आणि बँडवर पोट भरायचा बेत कुणाचाच नव्हता. विखुरलेले ध्वनिमुद्रण नंतर संकलनांत एकत्र आले : रेडिओवरची गाणी ‘सारा’ने १९९१ मध्ये, अमेरिकेत ‘के रेकॉर्ड्स’ने १९९६ मध्ये आणि लंडनच्या ‘डॅमेज्ड गुड्स’ने २०१३ मध्ये. ‘के’मुळे ही गाणी अमेरिकेच्या वायव्येकडच्या तरुण श्रोत्यांपर्यंत पोचली.

पुढची कहाणी मात्र लांब आहे. फ्लेचर भावंडे, मोमचिलॉफ आणि परत आलेला पर्सी यांनी ‘हेवनली’ नावाचा बँड काढला. १९९६ मध्ये मॅथ्यूने स्वतःचे आयुष्य संपवले आणि उरलेल्यांनी ते नावच बाजूला ठेवले. अमेलियाने अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती. ती ब्रिटनच्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या सरकारी संस्थेची मुख्य अर्थतज्ज्ञ झाली, नंतर ईस्ट अँग्लिया विद्यापीठात प्राध्यापक. तरी गाणे तिने कधी सोडले नाही. मोमचिलॉफ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांचा संपादक झाला.

एलिझाबेथ प्राइस चित्रफितींतून काम करणारी कलावंत झाली आणि ब्रिटनमध्ये दृश्यकलेसाठी दिले जाणारे टर्नर पारितोषिक २०१२ मध्ये तिला मिळाले. ज्या वीस मिनिटांच्या चित्रफितीसाठी ते मिळाले, तिच्यात मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानाला १९७९ मध्ये लागलेल्या, दहा जणांचा बळी घेणाऱ्या आगीची दृश्ये आहेत, चर्चच्या गायकवृंदासाठी बांधलेल्या जागेची वास्तुरेखाटने आहेत, आणि त्यांच्यामध्ये टाळ्या-चुटक्यांच्या तालावर हात हलवत गाणाऱ्या, शांग्री-लाजच्या पठडीतल्या मुली आहेत.