एथ्नू (लूची आई)

एथ्नू म्हणजे आयरिश पुराणकथांमधल्या बालोरची मुलगी, कीअनची बायको आणि लू या देवाची आई. पोथ्यांमध्ये हिचं नाव एथ्ने, एथ्लू असं वेगवेगळं लिहिलेलं सापडतं, त्यामुळे पहिल्यांदा वाचणाऱ्याला या दोन-तीन वेगळ्या बायका आहेत असंच वाटतं. त्यात बॉयन नदीची देवी बोअन हिचंही दुसरं नाव एथ्नेच आहे, ती ही नाही.

हिचं महत्त्व एका सोयरिकीत आहे. एका बाजूला तुअथा डे डॅनन हे देवांचं कूळ, दुसऱ्या बाजूला समुद्रापलीकडून येऊन खंडणी वसूल करणारे फोमोरी, आणि बालोर हा त्यांचा दांडगा सरदार, ज्याचा एक डोळा उघडला की समोरचं सैन्य गारद. मायगे तुइरद इथल्या दुसऱ्या लढाईची (देव विरुद्ध फोमोरी) जी जुनी कथा आहे (हस्तलिखित १६व्या शतकातलं, मजकूर त्याहून बराच जुना) तिच्यात दोन्ही कुळांचा तह होतो आणि बालोर आपली मुलगी डायन केख्त या देवांच्या वैद्याच्या मुलाला, कीअनला देतो, तिला लू होतो, संपलं. दोन ओळीत लग्न आणि बाळंतपण उरकलंय, एथ्नूच्या तोंडी एक शब्द नाही.

लोककथा मात्र असं उरकत नाही. आयरिश अभ्यासक जॉन ओडोनोव्हन यांनी १८३५ मध्ये आयर्लंडमधल्या डोनेगलच्या किनाऱ्यासमोरच्या टोरी बेटावर ऐकून लिहून घेतली ती गोष्ट अशी, की नातवाच्या हातून मरशील असं भाकीत झाल्यावर बालोरने मुलीला टोर मोर नावाच्या उंच कड्यावर कोंडली, पहाऱ्याला बारा बायका, आणि त्यांना ताकीद की पुरुष नावाची काही जात असते हेसुद्धा हिला कळता कामा नये. (कंस आठवला ना? फक्त इथे मामाच्या जागी आजोबा आहे.) मग समोरच्या किनाऱ्यावरच्या मॅक किनीलीची (जुन्या कथेतल्या कीअनच्या जागी इथे हा) दुभती गाय बालोर पळवतो, आणि बिरोग नावाची एक जादूगारीण मॅक किनीलीला बाईचे कपडे चढवून वाऱ्यावरून थेट त्या कड्यावर नेते. तिळी मुलं होतात. बालोर त्यांना चादरीत गुंडाळून बुडवायला पाठवतो, वाटेत चादरीची टाचणी निसटते आणि एक पोर खाली पडतं, ते वाचतं (हाच जुन्या कथेतला लू), बाकीचे दोघे बुडतात. त्या जागेला टाचणीचं बंदर असंच नाव पडलं. पोरांच्या बापाचं, म्हणजे मॅक किनीलीचं डोकं बालोरने ज्या पांढऱ्या दगडावर उडवलं म्हणतात त्या दगडातल्या लाल रेघा म्हणजे त्याचंच रक्त, आणि क्लॉहनीली हे तिथल्या भागाचं नाव त्या दगडावरूनच.

जुन्या कथेत लू टाराच्या राजवाड्याच्या दारात येतो तेव्हा द्वारपाळाला बाप, आजोबा सांगून झाल्यावर ‘बालोरची मुलगी एथ्ने हिचा मुलगा’ असंही सांगतो. पोथ्यांमध्ये तर त्याला सरळ ‘एथ्लूचा मुलगा’च म्हणतात, आपल्याकडे सातवाहन राजा गौतमीपुत्र म्हणवायचा तसं. पुढे हाच लू गोफणीच्या दगडाने बालोरचा डोळा फोडतो, म्हणजे आईच्याच बापाला मारतो.

याच कथेत उलटा नमुनाही आहे, ब्रेस. त्याची आई एरू देवांकडची, बाप एलाथा फोमोरी. तो देवांचा राजा होतो पण इतका कंजूष की त्याच्याकडून आलेल्या पाहुण्यांच्या सुऱ्यांना चरबी लागलेली नसायची आणि तोंडाला बिअरचा वास नसायचा. दोघांतही दोन्हीकडचं रक्त, फरक एवढाच की कोणाचा बाप कुठला, आणि मला वाटतं कथा सांगणाऱ्यांना नेमकं हेच दाखवायचं होतं: फोमोऱ्यांची मुलगी घरात आली तर चालते, त्यांचा मुलगा गादीवर बसला की वाट लागते. एथ्नूला काय वाटलं, बाप मेल्यावर ती रडली का, हे कोणीच लिहिलेलं नाही.

नाव आजही चालू आहे. गायिका एन्या डोनेगलचीच, तिचं खरं नाव एथ्ने, उच्चारी एन्या.