मेंदू व प्राणिबुद्धीविषयक इंग्रजी शब्दसंग्रह (कोरियन भाषकांचा)

मेंदूची रचना व कार्य आणि माणसाखेरीज इतर प्राण्यांची आकलनशक्ती या विषयांवरील इंग्रजी लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांचा जो गट कोरियन मातृभाषा असलेले विद्यार्थी शिकतात, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. या गटात दोन निरनिराळ्या प्रकारचे शब्द एकत्र येतात. एकीकडे ‘सेरेबेलम’, ‘हिप्पोकॅम्पस’, ‘कॉर्टेक्स’ यांसारख्या शरीररचनाशास्त्रातील संज्ञा असतात, तर दुसरीकडे ‘क्लेव्हर’, ‘माइंड’, ‘मिमिक’, ‘इन्स्टिंक्ट’ असे रोजच्या बोलण्यातले शब्द असतात. पहिला प्रकार दिसायला अवघड असला तरी कोरियन विद्यार्थ्याला तो तुलनेने लवकर साधतो. खरी अडचण दुसऱ्या प्रकारात येते.

दक्षिण कोरियात इंग्रजी हा विषय १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून शिकवला जातो. तथापि, शब्दसंग्रहाच्या अभ्यासाला वळण लावले आहे ते ‘सुनुंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेने. ही परीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्या इंग्रजी भागात ७० मिनिटांत ४५ प्रश्न सोडवायचे असतात व त्यांपैकी १७ प्रश्न ध्वनिमुद्रण ऐकून सोडवायचे असतात. ऐकण्याचा हा भाग चालू असताना देशभरातील विमानांची उड्डाणे आणि उतरणे सुमारे ३५ मिनिटे थांबवली जातात, यावरून त्या परीक्षेचे समाजातील वजन लक्षात येते. वाचनाच्या भागातील उतारे मानसशास्त्र, जीवशास्त्र, प्राणिवर्तन अशा विषयांवरील लेखनातून घेतलेले असतात. त्यामुळे ज्या मुलाला पुढे वैद्यकाशी किंवा प्राणिशास्त्राशी काही कर्तव्य नाही, त्यालाही ‘कॉग्निशन’ (आकलन) हा शब्द पाठ असावा लागतो. शब्द पाठ करण्याच्या वह्या-पुस्तकांना ‘दानॉजांग’ म्हणतात आणि त्यांत शब्दांची मांडणी पुष्कळदा विषयवार किंवा ‘ऑवॉन’ म्हणजे व्युत्पत्तीनुसार केलेली असते.

मेंदूच्या भागांची कोरियन नावे बहुतांशी चिनी लिपिचिन्हांपासून घडलेली आहेत व त्यांपैकी बरीच युरोपीय संज्ञांचे घटकश: केलेले भाषांतर आहे. मेंदूला ‘न्वे’ म्हणतात. ‘देन्वे’ म्हणजे मोठा मेंदू आणि ‘सोन्वे’ म्हणजे लहान मेंदू. मराठी शालेय पुस्तकांत प्रमस्तिष्क व अनुमस्तिष्क या संज्ञांपुढे कंसात नेमके हेच शब्द छापलेले असतात. इंग्रजीतल्या ‘सेरेबेलम’चाही मूळ लॅटिन अर्थ ‘छोटा मेंदू’ असाच आहे. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या सामान्य वाचकाला जाणवत नाही, कारण त्याच्या रोजच्या ‘ब्रेन’ या जर्मानिक शब्दाचा त्या लॅटिन शब्दाशी काहीच मेळ बसत नाही. कोरियन विद्यार्थ्याच्या भाषेत मात्र बोलीतला आणि शास्त्रातला शब्द एकाच धाग्याने बांधलेले असतात. ‘हिप्पोकॅम्पस’चे कोरियन नाव ‘हेमा’ असून समुद्रघोडा या माशालाही हाच शब्द आहे. सोळाव्या शतकात इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ आरांत्झी याने स्मृतीशी निगडित असलेल्या त्या वळणदार भागाला समुद्रघोड्याचे ग्रीक नाव दिले. मत्स्यालयात समुद्रघोडा पाहिलेल्या कोरियन मुलाला या इंग्रजी शब्दाचा अर्थ एकदा सांगितला की तो पुन्हा सांगावा लागत नाही.

हा पारदर्शकपणा सगळीकडे सारखा टिकलेला नाही. ‘अमिग्डला’ हा शब्द ग्रीकमध्ये बदामाचा वाचक आहे व भीतीसारख्या भावनांशी संबंध असलेल्या त्या लहानशा भागाला कोरियनमध्ये ‘प्यॉन्दोछे’, म्हणजे ‘बदामाच्या आकाराचा पिंड’, असे म्हटले जाते. परंतु आज कोरियात बदाम विकला जातो तो ‘आमोन्दु’ या इंग्रजी नावाने. ‘प्यॉन्दो’ हा जुना शब्द लोकांच्या कानावर पडतो तो मुख्यतः घशातील गाठींच्या, म्हणजे टॉन्सिलच्या, ‘प्यॉन्दोसॉन’ या नावातून. साहजिकच अनेक मुलांना ‘प्यॉन्दोछे’ ऐकल्यावर बदामाऐवजी सर्दी-पडशात सुजणारा घसा आठवतो. चिनी लिपिचिन्हांचे शिक्षण मागे पडून सर्व लेखन हांगुल लिपीत होऊ लागल्यापासून असे तुटलेले दुवे वाढले आहेत. व्युत्पत्तीवर भर देणाऱ्या पद्धतीत शिक्षकाला त्यामुळे लॅटिन-ग्रीक घटकांबरोबर कोरियन शब्दांचे घटकही फोडून दाखवावे लागतात, आणि ते योग्यच आहे.

मेंदूच्या खंडांच्या नावांत एक वेगळीच गफलत होते. कोरियनमध्ये खंडाला ‘यॉप’, म्हणजे पान, म्हणतात. ‘जॉन्दुयॉप’ म्हणजे डोक्याच्या पुढच्या बाजूचे पान. ‘फ्रंटल लोब’शी त्याची जोडी सहज जमते. ‘टेंपोरल लोब’ या नावापाशी मात्र विद्यार्थी अडतो, कारण ‘टेंपोरल’ हा शब्द त्याने आधी ‘काळासंबंधीचा’ या अर्थाने पाठ केलेला असतो. येथे त्याचा संबंध कानशिलाशी आहे, आणि कानशिलाला इंग्रजीत असलेला ‘टेंपल’ हा शब्द त्याच्या वहीत ‘मंदिर’ या अर्थाने नोंदलेला असतो. काळ, मंदिर आणि कानशील यांपैकी नेमके काय घ्यायचे, हे केवळ यादी घोकून कळत नाही.

मज्जातंतूला कोरियनमध्ये ‘शिन्ग्यॉंग’ म्हणतात. हा शब्द जपानमधून आला. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू व त्याचे सहकारी यांनी डच भाषेतील एका शरीररचनाविषयक ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध केले, त्या वेळी ‘चैतन्य’ आणि ‘वाहिनी’ या अर्थांची दोन चिन्हे जोडून तो घडवण्यात आला. पुढे तो रोजच्या बोलण्यात उतरला. ‘शिन्ग्यॉंग वापरणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीची काळजी करणे किंवा ती मनाला लावून घेणे. इंग्रजीत ‘नर्व्ह असणे’ याचा अर्थ धाडस किंवा चक्क उद्धटपणा असा होतो. दोन्ही भाषांत शब्द मज्जातंतूचाच असला, तरी एकीकडे तो संकोची माणसाचे वर्णन करतो आणि दुसरीकडे निर्भीड माणसाचे.

बुद्धीविषयी बोलताना कोरियन माणूस ‘न्वे’पेक्षा ‘मॉरी’ हा देशी शब्द अधिक वापरतो. त्याचा मूळ अर्थ डोके. डोक्यावरचे केसही त्यातच येतात. ‘मॉरी चांगली आहे’ म्हणजे माणूस हुशार आहे, ‘मॉरी फिरवणे’ म्हणजे युक्ती लढवणे, आणि ‘दोलमॉरी’, म्हणजे दगडी डोके, ही मठ्ठाला दिलेली शिवी. वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘दगड’ म्हटलेले ऐकलेल्या मराठी वाचकाला यात काही परके वाटणार नाही. इंग्रजीत मात्र ‘माझे डोके चांगले आहे’ असे शब्दशः म्हटले तर डोके दुखायचे थांबले आहे असा समज होण्याचा संभव असतो. ‘माइंड’ या शब्दाला कोरियनमध्ये ‘माउम’ हा प्रतिशब्द देतात, पण ‘माउम’चे स्थान छातीत मानले जाते व त्यात विचारापेक्षा भावनेला अधिक जागा असते. मराठीतील ‘मन’ त्याच्या फार जवळचे आहे. इंग्रजी ‘माइंड’ दोघांपासूनही थोडे दूर, डोक्याच्या बाजूला राहते.

उच्चाराच्या बाबतीत मुख्य अडचण जोडाक्षरांची आहे. कोरियन अक्षररचनेत एका अवयवाच्या आरंभी किंवा शेवटी दोन व्यंजने सलग उच्चारली जात नाहीत, म्हणून ‘ब्रेन’ या एकावयवी शब्दाचे ‘बु-रे-इन’ असे तीन अवयव होतात आणि ‘इन्स्टिंक्ट’चे चार. ‘फ’च्या जागी ओठ मिटून उच्चारलेला ‘फ’ येतो, तर ‘र’ व ‘ल’ यांतील भेद ‘सेरेब्रल’सारख्या शब्दात विशेष त्रास देतो. ‘इन्स्टिंक्ट’, ‘एक्स्टिंक्ट’ आणि ‘डिस्टिंक्ट’ यांची सरमिसळ हा तर परीक्षेतला ठरलेला सापळा आहे: उपजत प्रेरणा, नामशेष झालेले आणि स्पष्ट वेगळे, हे तिन्ही अर्थ प्राण्यांविषयीच्या एकाच उताऱ्यात येऊ शकतात.

प्राणिबुद्धीविषयक शब्द शिकताना विद्यार्थी आपल्या भाषेतील प्राण्यांविषयीचे पूर्वग्रहही बरोबर घेऊन येतो. इंग्रजीत ‘बर्डब्रेन’ आणि कोरियनमध्ये ‘सेदेगारी’, म्हणजे पक्ष्याचे डोके, या दोन्ही मूर्खपणाच्या शिव्या आहेत. विसरभोळ्या माणसाला कोरियात ‘कावळ्याचे मांस खाल्लेस काय?’ असे विचारतात. ‘क्कामाग्वी’ म्हणजे कावळा आणि ‘क्कामॉक्ता’ म्हणजे विसरणे, या शब्दांच्या ध्वनिसाम्यावर ही म्हण उभी आहे. बैलाच्या कानाशी धर्मग्रंथ वाचण्याची त्यांची म्हण आपल्या ‘गाढवापुढे वाचली गीता’ची सख्खी बहीण शोभते. या सगळ्याच्या उलट एक म्हण आहे: गावच्या पाठशाळेतला, म्हणजे ‘सॉदांग’मधला, कुत्रा तीन वर्षांनी काव्य म्हणू लागतो. प्राणी सहवासाने शिकतो, हे निदान या म्हणीला मान्य आहे.

संशोधनाने पक्ष्यांविषयीच्या शिव्या बऱ्याच अंशी खोट्या पाडल्या आहेत. न्यू कॅलेडोनियातील कावळे पानांची व काटक्यांची हत्यारे तयार करतात, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूशी तुलना करता पोपट व गाणारे पक्षी यांच्या मेंदूत चेतापेशी कितीतरी दाट असतात, असे २०१६ मध्ये दाखवण्यात आले. २००८ मध्ये जर्मनीतील प्रयोगात मॅगपाय पक्ष्याच्या गळ्याजवळ, त्याला थेट दिसणार नाही अशा जागी, रंगीत ठिपका चिकटवून त्याच्यापुढे आरसा ठेवण्यात आला, तेव्हा काही पक्ष्यांनी आरशात पाहून स्वतःच्या अंगावरचा ठिपका काढण्याचा प्रयत्न केला. ‘सेल्फ-रेकग्निशन’ (स्वतःला ओळखणे) ही संज्ञा शिकवताना कोरियात हे उदाहरण विशेष पटते, कारण मॅगपायचा तिथला भाईबंद ‘क्काछी’ हा घराघराला परिचित पक्षी आहे. सकाळी क्काछी ओरडली की पाहुणा येतो, असे तेथे मानतात; आपल्याकडे हेच काम कावळा करतो. सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारातील या पक्ष्यांवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आणखी बोलका आहे. घरट्यापर्यंत झाडावर चढलेल्या संशोधकाला पक्षी पुढे ओळखू लागले. सारखे कपडे केलेल्या दोन माणसांपैकी ते नेमक्या त्याच्याच मागे लागत आणि दुसऱ्याला सोडून देत. माणूस ओळखणे आणि पाहुण्याची वर्दी देणे यांत फारसे अंतर नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला हसता येणार नाही.

‘क्यू’ (इशारा, संकेत) या छोट्या शब्दासाठी बहुतेक पुस्तकांत बर्लिनच्या ‘क्लेव्हर हान्स’ या घोड्याची गोष्ट येते. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा बेरजेचे उत्तर टापा आपटून देई. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते व ती हालचाल पाहून तो थांबतो. ही गोष्ट समजायला कोरियन विद्यार्थ्याला इंग्रजी वाचकापेक्षा कमी वेळ लागतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, न बोललेल्या गोष्टींवरून परिस्थिती ओळखण्याच्या कौशल्याला त्याच्या भाषेत ‘नुन्छी’ असा एकच शब्द आहे आणि ते अंगी असावे म्हणून लहानपणापासून त्याचे कान उपटले गेलेले असतात. हान्सला गणित येत नव्हते, पण त्याची नुन्छी दांडगी होती. इंग्रजीत यासाठी एक शब्द नाही, म्हणून तेथे ‘क्लेव्हर’ आणि ‘इंटेलिजंट’ यांतील फरक समजावत बसावे लागते. ‘इंटेलिजन्स’चा ‘हेरगिरीतून मिळालेली माहिती’ हा आणखी एक अर्थ आहे, तो निराळाच.

हत्तीच्या उदाहरणात आकड्यांचे शब्द येतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज. मात्र हत्तीच्या या पेशींपैकी बहुतेक सगळ्या लहान मेंदूत असून बाह्यकात (‘कॉर्टेक्स’मध्ये, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात) केवळ ५.६ अब्ज आढळतात. ‘बिलियन’ या शब्दाशी कोरियन विद्यार्थ्याची येथे झटापट होते, कारण त्याची मोजणी हजारांच्या ऐवजी दहा हजारांच्या टप्प्यांनी चालते. लाख-कोटींत मोजणाऱ्या मराठी माणसाला ही कसरत नवी नाही.

कोरियातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही हत्तीचेच आहे. एव्हरलँड येथील प्राणिसंग्रहालयातला कोशिक हा आशियाई नर हत्ती सोंडेचे टोक तोंडात घालून पाच कोरियन शब्दांसारखे आवाज काढतो: ‘आन्न्यॉंग’ (नमस्कार), ‘आन्जा’ (बस), ‘आनिया’ (नाही), ‘नुवॉ’ (आडवा हो) आणि ‘चोआ’ (छान). हत्तीला कोरियनमध्ये ‘खोक्किरी’ म्हणतात व त्यातील ‘खो’ म्हणजे नाक. त्या नाकाचाच तो बोलण्यासाठी उपयोग करतो. अँजेला श्टोगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आवाजाचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोरियन श्रोत्यांना ध्वनिमुद्रणे ऐकवून, ऐकू आले तसे लिहून घेण्यात आले, तेव्हा स्वर बऱ्यापैकी जुळले आणि व्यंजने फारशी जुळली नाहीत. लहानपणी काही वर्षे दुसऱ्या हत्तीची सोबत नसल्यामुळे माणसांशी जवळीक साधण्यासाठी तो हे शिकला असावा, असे संशोधकांचे मत आहे. मात्र ‘आन्जा’ म्हटल्यावर समोरच्याने बसावे अशी त्याची अपेक्षा दिसत नाही. म्हणून इंग्रजी उताऱ्यात कोशिकविषयी ‘स्पीक’ हे क्रियापद वापरलेले दिसले, तर शिक्षक ते खोडून संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात वापरलेले ‘इमिटेट’ (नक्कल करणे) लिहायला सांगतात.